मनगटावरची गोरी खूण

बाळांनो, डोळ्यांसमोर आणा: जेवणाच्या टेबलावर मऊ फडकं, त्यावर आजोबांचं सोन्याचं मनगटी घड्याळ. असली फार थोडीच बनली होती. जुन्या घड्याळांचा संग्राहक ते भिंगातून न्याहाळत होता. "पॉलिश केलं नाहीत, हे बरं केलंत. पण या बारीक खाचा?" आजोबांनी मांडीवरच्या नातीकडे बोट दाखवलं. "हिला पहिले दात आले तेव्हा चावायला याशिवाय काही चालायचंच नाही." संग्राहक हसला. "मग तशाच राहतील." "विकूच नका ना, आजोबा!" "अगं, आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय. इतक्या वर्षांनीही तिला माझंच तोंड बघायची हौस!" आतून आजी म्हणाली, "ऐकू येतं हो मला!" घड्याळ गेलं. आजोबांच्या मनगटावर त्याची गोरी खूण उरली. ते सवयीने तिथेच बघत राहिले. नातीने त्या खुणेभोवती बोटं आवळली आणि विचारलं, "आजोबा, किती वाजले?"