बिननावाचं झाड

मागून आणलेली फांदी लागत नाही, चोरून आणलेली हमखास लागते, हे सरजाबाईंना आईनं शिकवलेलं. म्हणून बोरीला सुनेच्या माहेरी पाहुणचाराला गेल्या, तेव्हा विहिणीच्या अंगणातल्या जांभळ्या फुलांच्या झाडाची एक फांदी त्यांनी हळूच मोडली आणि पदराखाली दडवून आपल्या घरी, झरीला आणली. ती अशी फोफावली की येणारा-जाणारा थांबून नाव विचारू लागला. मोबाइलवर फोटो काढून नाव शोधलं, तर दर खेपेला वेगळंच नाव. विहिणीला विचारायची तर सोयच नव्हती.

एक दिवस विहीण बायनाबाई लेकीला भेटायला आल्या अन् थेट त्या झाडापुढंच उभ्या राहिल्या. सारवासारव करत सरजाबाई म्हणाल्या, "लय दिवसांपासून हाय बघा आमच्याकडं. तुमच्याकडंबी हाय न्हवं? काय म्हणतात हो ह्याला?"

लेक जवळपास नाही हे बघून बायनाबाई त्यांच्या कानाशी लागल्या.

"मला काय म्हाईत, विहीणबाई? मीबी थोरल्या लेकीच्या सासरहून पदराखालीच आणलंय!"