मिशीची पैज

पैज लागली औरंगपुऱ्यात, बन्सीच्या पानाच्या ठेल्यावर, आणि लागली ती मिशीवर. आजारी टांगेवाला कडूबा आज अंथरुणातून उठला, तर केशवनं भर चौकात मिशी उतरवायची. नाय उठला, तर बन्सीनं.

केशव म्हंजे निजाम गेल्यावर कचेरीत लागलेला कारकून, कडूबाचा शेजारी. त्यानंच कडूबाला दवाखान्यात नेलं होतं.

“वडील जिवंत आहेत माझे,” तो म्हणाला. “मिशी उतरवली तर लोक विचारतील, कोण गेलं?”

“मंग हारू नका, केशवराव.”

“हरतोय कशाला? डॉक्टरनं बजावलंय त्याला. घटसर्पाचे जंतू मेले, पण त्यांनी सोडलेलं विष काळजात उतरलंय. महिनाभर उठून बसायचंसुद्धा नाही. चल, लागली पैज. तुझं तोंड तरी बंद होईल.”

“कसलं इष? ताप नाय, घसा साफ. निस्तं पाणी पिलं का नाकातून येतंय.” बन्सीनं नाक दाबून कडूबाची नक्कल केली, “द्वारके, च्या आण!” ठेल्यावरची माणसं खो खो हसली.

बन्सी तडक कडूबाच्या खिडकीशी गेला. आत कडूबा उताणा पडलेला. चेहरा चुलीतल्या राखेवानी. गळ्यातली शीर दोनदा उडायची, थांबायची, मंग घाईघाईनं पुन्हा उडायची. बन्सीनं ते बघितलं. जरा थबकलाही. मंग केशवचं बिनमिशीचं तोंड त्याच्या डोळ्यापुढं आलं, आणि त्याला हसू आवरंना.

“कडूबा! घोडी सुटली रे! गुलमंडीकडं पळाली!”

“अवो, उठू नका!” त्याची बायको द्वारकाबाई आतून किंचाळली. तवर कडूबा उंबऱ्यात.

घोडी दारातच बांधलेली, कडबा खात उभी. कडूबानं घोडीकडं बघितलं, मंग बन्सीकडं. हसला.

“बन्स्या,” तो नाकातून बोलला, “लई हरामी हायेस.”

आणि जोडा घालायला बसावं तसा उंबऱ्यावर बसला.

“उठला! केशवराव, उठला बघा!” बन्सी गल्लीभर नाचत वरडला. द्वारकाबाई नवऱ्याला हलवत होती, ते त्याला उशिरा दिसलं.

दुपारी चौकात तिरडी बांधत होते. केशव आला आणि पुंजाराम न्हाव्यापुढं मांडी घालून बसला.

“उतरव.”

पुंजारामचा हात थांबला. “वडील हायेत ना तुमचे?”

“पैज हरलोय.”

“ऱ्हाऊ द्या, केशवराव,” बन्सी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाय.

केशवनं हनुवटी पुढं केली. वस्तरा फिरला. केस धुळीत पडले.

केशवकडं कुणी बघितलंच नाय. सगळी गल्ली बन्सीच्या मिशीकडं बघत होती.