तिसरं विमान

“हे पडलं तं मी पुन्हा हात लावणार नाई. चुलीत घाल तू,” रुपराव म्हणाले आणि विमान दोन बोटांवर तोलून धरलं. दोन्ही पंखांखाली एकेक बोट. नाक किंचित खाली झुकलं. बरोबर!

“काहून पडन जी?” इंदूबाई म्हणाली. कळमेश्वरच्या रस्त्यालगतच्या माळावर, बाभळीखाली सतरंजी टाकून ती बसली होती. जानेवारीची थंडी, मांडीवर विणकामाची पिशवी, पिशवीतून डोकावणाऱ्या सुया.

रुपराव वर्कशॉपातले फिटर. अठ्ठ्याहत्तर साली रिटायर झाले आणि रेडिओवर उडणारी विमानं बांधायचं वेड लागलं. पहिलं आपटलं. दुसरं आपटलं, तेव्हा हा माणूस तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून होता. दोन घास खायचा नि पुन्हा भिंत. इंदूबाईच्या काळजाचं पाणी झालं होतं. हे तिसरं गेलं तर नवराही हातचा जाईल, अशी तिला धास्ती होती.

दोष मात्र सेटचा, हे रुपरावांचं ठाम मत. विमानातलं यंत्र चांगलं, पण हातात धरायचा तो डबा, ज्याची कांडी हलवली की विमान वळतं, तोच बेइमान! “फेक तो,” त्यांनी बजावलं आणि हुबेहूब तसाच, त्याच लहरींवर चालणारा दुसरा आणला. जुना डबा इंदूबाईनं निमूट उचलला होता.

महिनाभर विमान तयार होतं, पण रुपरावांची तपासणी संपेना. दर बुधवारी ते पेन्शनरांच्या बैठकीला दिवसभर जात, तेवढाच काय तो विमानाला आराम.

आताही त्यांनी पंख बांधणारे रबर मोजले, पंख्याचा नट आवळला, चाकात अडकलेली वाळकी काडी उपसली.

“घरात गवत कुठून आलं वं?”

“झाडूची असन.”

“इंजिनाचं तेलही कमी झालं बाटलीतलं. झाकण ढिलं असन. अन् तुह्या बोटाले काय झालं?”

“भाजी चिरता चिरता लागलं. तुमी तुमचं पाहा न!”

मग लांबून तपासणी. डब्याची लांब एरियल एकात एक सरकवून रुपराव पन्नास पावलं चालत गेले आणि कांडी हलवली. विमानाजवळ उभ्या इंदूबाईनं खूण म्हणून डावा हात वर केला, मग उजवा. शेपटीचं सुकाणू हुकूम पाळत होतं. बॅटरी वाचावी म्हणून त्यांनी डबा बंद करून तिच्याजवळ दिला. चिमूटभर माती सोडून वारा पाहिला. चरायला आलेल्या दोन गाई हाकलल्या. सगळं दोनदा, काही तीनदा.

इंजिन खेकसलं, थांबलं, पुन्हा खेकसलं आणि एकदम सुरात आलं. गुडघ्यावर बसून रुपरावांनी एका हातानं शेपटी धरली.

“दे आता डबा! चालू केला न?”

“तुमी विमानाकडे पाहा,” डबा त्यांच्या हाती देत ती म्हणाली आणि लगबगीनं बाभळीखाली गेली.

त्यांनी कांडीला बोट लावलं न लावलं तोच सुकाणू हललं. वा रे पठ्ठ्या, काय चपळ सेट! त्यांनी शेपटी सोडली.

विमान उड्या घेत पळालं आणि उठलं. बाभळीपेक्षा वर! एक चक्कर झाली, दुसरी झाली.

मग ते वळून समोरून अंगावर येऊ लागलं. घोळ होतो तो इथंच. विमान समोरून आलं की त्याची डावी ती आपली उजवी. आधीची दोन्ही इथंच गेली होती. घाबरून रुपरावांनी कांडी दाबली आणि दाबताक्षणी कळलं, उलटी दाबली!

“गेलं!” त्यांनी डोळे गच्च मिटले.

आपटल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा विमान अलगद वळून खाली उतरत होतं. चाकं टेकली, थोडं धावलं आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर येऊन थांबलं.

“पाह्यलं का वं!” रुपराव पोरासारखे नाचले. गालांवरून पाणी ओघळत होतं. “मी म्हणलं नव्हतं? सेटच खराब होता!”

“हो जी. सेटच,” बाभळीखालून ती म्हणाली.

बॅटरी वाचवायला हवी. रुपरावांनी अंगठ्यानं डब्याचं बटन चाचपलं. ते बंदच होतं.

त्यांनी पुन्हा एकदा चाचपलं. मग सावकाश मागे वळून पाहिलं. इंदूबाई पिशवीतून वर आलेली सगळ्यात लांब सुई तळहातानं खाली दाबत होती, आणि सुई एकात एक शिरत, आखूड होत पिशवीत चालली होती.