दोन ओळींचं काम

“दोन ओळी, मामा. दोन ओळी लिहायला तुमची बोटं झिजतात का?”

मामांनी चहाचा घोट घेतला. “लिहू गं. पळून चाललंय का काही?”

“पेशंट पळून चाललेत. रिपोर्टच्या खिडकीवर जाऊन बघा जरा.”

मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममधली युनिक्सची मशीन सांभाळायचे, म्हणून सगळ्यांचे मामा. आणि त्यांच्यापुढे उभी असलेली ती डेटाबेस सांभाळायची. रक्ताचे, लघवीचे, सगळे रिपोर्ट तिच्या डेटाबेसमधे. आणि डेटाबेस कुठे, तर मामांच्या डिस्कवर. तीही कोरी डिस्क. वर ना फोल्डर, ना फाईल. डेटाबेस थेट तिच्यावर लिहायचा, स्वतःच्या पद्धतीने. त्यामुळे गंमत अशी, की मामांनी त्यांच्या बाजूने बघितलं तर डिस्क रिकामी दिसायची. आत काय आहे ते फक्त हिला दिसायचं. पण दार उघडायचा हक्क मामांचा.

कारण मशीन बंद पडून चालू झाली, की डिस्कची मालकी आपोआप रूटकडे जायची. रूट म्हणजे मशीनचा मालक, म्हणजे मामा. डेटाबेस उठायचा, डिस्कला हात लावायचा आणि ‘परवानगी नाही’ म्हणून तोंडावर आपटायचा. मग हिने मामांना शोधत फिरायचं. मामा कधी कँटीनमधे, कधी जिन्यात गुडघे चोळत. मामा येणार, चष्मा पुसणार, एक कमांड मारणार, मालकी डेटाबेसच्या नावावर करणार. मग ही डेटाबेस पुन्हा उठवणार, तेव्हा रिपोर्ट सुरू. तोवर खिडकीवरची माणसं शिव्या घालणार हिला. मामांना तिथे ओळखतंय कोण?

मशीन चालू होताना जी फाईल आधी वाचते, तिच्यात दोन ओळी टाकल्या की हे सगळं आपोआप झालं असतं. हे मामांना माहीत होतं. हिलाही माहीत होतं. किती दिवस मागे लागली होती ती. पालथ्या घड्यावर पाणी.

आज सकाळी लाईट गेली, बॅटरीने दगा दिला आणि मशीन पुन्हा आडवी. खिडकीच्या काचेवर एक माणूस थापा मारत होता. बायकोला ऑपरेशनला आत घ्यायचं होतं आणि रिपोर्टशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. “तुम्ही बसता कशाला इथे?” तो हिला म्हणाला.

तेच वाक्य साहेबांच्या तोंडून कधी येतंय, याची तिला धास्ती होती. सर्व्हर रूममधली एक खुर्ची जाणार, अशी कुजबुज होती. खुर्च्या दोनच. एकीवर मामा, अर्धं आयुष्य बसलेले. दुसरीवर ती, आता आता आलेली. घरी आजारी आई आणि शाळेतला भाऊ. रिपोर्ट अडला की नाव तिचं निघायचं. मग खुर्ची कुणाची जाणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

“मी साहेबांनाच बोलावते,” ती म्हणाली.

मामांनी पहिल्यांदा कप खाली ठेवला. “त्यांना कशाला? मी देतो ना मालकी. ही बघ, दिली.” आणि खरंच दिली. खटाखट कमांड मारली. तिने डेटाबेस उठवला, पलीकडे प्रिंटर घरघरला.

“आज दिलीत. पुढच्या वेळी परत तुमच्या नाकदुऱ्या काढू?”

“काढ की. नाक माझं, मी कुठे तक्रार करतोय?”

तिला हसू आलं नाही. ती गेली आणि साहेबांना घेऊनच आली. सगळं सांगितलं. टाळाटाळ सांगितली, कँटीन सांगितलं, गुडघेसुद्धा सोडले नाहीत.

“दोन ओळींचंच काम आहे का हो मामा?” साहेबांनी विचारलं.

“दोनच.”

“मग लिहा.”

मामांनी हिच्याकडे बघितलं. “नक्की ना?”

“अजून विचारताय?”

मामांनी चष्मा पुसला आणि दोन ओळी लिहिल्या. दुपारी खिडकी बंद झाल्यावर साहेबांसमोर मशीन मुद्दाम बंद केली, परत चालू केली. दिवे लुकलुकले. पंखे गरजले. मशीन उठली, डिस्कची मालकी गेली जिथे जायची तिथे, डेटाबेस मुकाट्याने सुरू झाला. कुणी कीबोर्डला बोटसुद्धा लावलं नाही. तिने सुटकेचा निःश्वास सोडला.

साहेब डोकं खाजवत होते. “मामा, मी खुर्ची काढायला आलो होतो, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना? मशीन उठवायला दोघं लागतात. एकाने द्यायचं, एकाने घ्यायचं. या मुलीला काढलं तर रिपोर्ट बंद पडतील. वरच्यांना मी तेच सांगून गप्प केलं होतं.” त्यांची नजर हिच्या खुर्चीवर गेली. “आता तर आपोआपच होतंय.”

टेबलाची कड धरून ती उभी राहिली. आपल्याच हाताने, आपल्याच पायावर, आणि धोंडा उचलायला साहेबांना हाताला धरून आणलं होतं.

“एक माणूस लागतोच साहेब,” मामा म्हणाले. “आत काय आहे ते हिलाच दिसतं. मला ती डिस्क रिकामीच दिसते. रिकाम्या जागेवर राखणदार कशाला पोसता?”

त्यांनी ड्रॉवर उघडला. जुना स्क्रूड्रायव्हर हिच्या टेबलावर ठेवला, गुडघेदुखीचं मलम पिशवीत टाकलं.

“मामा, थांबा. मी ओळी पुसते. आत्ता पुसते.”

“तुला कुठे येतंय? ती फाईल रूटची.” मामांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली. “बस कामाला. मला आता निघायला हवं.”