रिकामी चौकट

मोठ्या सिस्टरनी टॅबलेट टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि पेशंटचं पान उघडलं. पेशंटच्या नावाखाली इंजेक्शनचं नाव होतं आणि त्याच्या आधी ठसठशीत लाल त्रिकोण.

"बघा, आहे की," अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीचे साहेब म्हणाले. "धोक्याची खूण जागच्या जागी आहे. तुमच्या वॉर्डातल्या मुलीने नीट पाहिलं नसेल, सिस्टर. कामाच्या गडबडीत होतं असं."

"परवा इथे त्रिकोण नव्हता. हिरवी बरोबरची खूण होती. तिने पाहिली, तिच्या मागे उभी राहून मी पाहिली." मोठ्या सिस्टरनी आवाज न चढवता काचेवर बोट ठेवलं. "त्या माणसाला या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे. सुई टोचल्यावर दोन मिनिटांत त्याचा गळा सुजला. कसाबसा वाचला. आणि माझ्या वॉर्डातल्या त्या नर्सला घरी बसवलंय. उद्या चौकशी आहे. निष्काळजीपणा ठरला तर तिला कुठल्याच हॉस्पिटलात पाऊल ठेवता येणार नाही."

"फोटो वगैरे काढलात का तुम्ही त्या हिरव्या खुणेचा?"

"आम्ही त्याचा श्वास बघत होतो, साहेब."

साहेबांच्या शेजारी चित्रवाली बसली होती. अ‍ॅपमधली बटणं, खुणा, चित्रं हे सगळं तिच्याकडे, म्हणून अख्खं ऑफिस तिला याच नावाने हाक मारायचं. ती मघापासून पेनाचं टोपण दाताखाली चावत होती.

ही चित्रं कुणी हाताने काढत नाही. तयार चित्रांची एक लायब्ररी असते. कोडमध्ये त्रिकोणाचं नाव लिहिलं की त्रिकोण येतो, घंटेचं लिहिलं की घंटा. नाव चुकलं तर नुसती रिकामी चौकट. दोन वर्षांपूर्वी बड्या पाहुण्यांना प्रोजेक्टरवर अ‍ॅप दाखवताना अशीच एक चौकट भिंतीवर आली आणि साहेबांना मान खाली घालावी लागली. "रिकामं काही दिसता कामा नये. काहीतरी छान दिसू दे," ते म्हणाले. चित्रवालीने पाच मिनिटांत एक ओळ लिहून दिली: नाव सापडलं नाही तर हिरवी बरोबरची खूण दाखव. साहेबांनी पाठ थोपटली. ती ओळ मग कुणाच्याच लक्षात राहिली नाही, तिच्याही नाही.

गेल्या आठवड्यात तिने लायब्ररीची नवी आवृत्ती बसवली. तिच्यात त्रिकोणाचं नाव बदललेलं होतं; कोडमध्ये मात्र जुनंच राहिलं.

आज सकाळी तक्रार आली तेव्हा तिला घोटाळा सापडायला अकरा मिनिटं लागली. धापा टाकत ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "दुरुस्त कर," ते म्हणाले, "आणि मीटिंगमध्ये नुसती बस. बोलायचं मी बघतो." तिने दुरुस्त केलं. दहाच्या ठोक्याला प्रत्येक वॉर्डातल्या प्रत्येक टॅबलेटवर त्रिकोण परत आला. आपण चूक निस्तरली असं तेव्हा तिला वाटलं होतं. आपण त्या पोरीचा एकमेव पुरावा पुसून टाकला, हे तिला आत्ता कळलं.

"आमची सहानुभूती आहेच," साहेब म्हणत होते. "असं करू, तिला अ‍ॅपचं ट्रेनिंग पुन्हा एकदा देऊ. फुकट."

चित्रवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग तर होताच, पण त्याहून जास्त राग स्वतःचा होता, सकाळपासून शहाण्या मुलीसारखं वागल्याचा.

"हिरवीच होती," ती उभी राहून म्हणाली. "आज सकाळी दहापर्यंत. दहाला मी बदलली."

साहेब हसले. "अगं, तुझा काहीतरी घोळ—"

"सर, मला बोलू द्या."

तिने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. गेल्या आठवड्याचं कोड, जसंच्या तसं, चालू केलं. भिंतीवर नाव लिहायची एक जागा आली आणि तिच्या शेजारी चित्र उमटायची जागा. लॅपटॉप तिने मोठ्या सिस्टरकडे सरकवला.

"लायब्ररीत जे नाही, असं काहीही लिहा."

"काहीही?"

"काहीही."

मोठ्या सिस्टर एका बोटाने अक्षरं शोधू लागल्या. "त्रिकोण दिसला की काय समजायचं," लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "हे मुलींना मी पहिल्याच दिवशी शिकवते."

भिंतीवर शब्द उमटले: देऊ नका.

शेजारी टपोरी हिरवी बरोबरची खूण आली.

त्यांनी सगळं खोडलं आणि पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा हिरवी खूण.

"बंद कर ते," साहेब चित्रवालीला म्हणाले. ती जागची हलली नाही. तेव्हा ते स्वतःच उठले आणि भिंतीसमोर, प्रोजेक्टरच्या झोतात उभे राहिले. शब्द भिंतीवरच राहिले. खूण साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर आली, छातीच्या मधोमध.

मोठ्या सिस्टरनी पर्समधून फोन काढला.

"हलू नका," त्या म्हणाल्या.