नवी फरशी

पोटरी सुजून भोपळा झाली, तेव्हा नळदुरुस्तीवाला मिस्त्री नाइलाजानं दवाखान्यात गेला. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी तीन आठवड्यांत सूज उतरली. आता आपली सुटका झाली म्हणून तो पाना-पकडीची पिशवी घेऊनच तपासणीला आला, तर डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातात पोटाच्या स्कॅनची चिठ्ठी ठेवली.

"पाय ठणठणीत आहे की, बाई! पोट कशाला तपासायचं?"

"मार लागला नाही, लांबचा प्रवास नाही, अंथरुणाला खिळलेले नव्हतात. मग गुठळी झालीच कशी? आत लपलेला कॅन्सर कधी कधी पहिल्यांदा असाच कळतो. नसेल तर उत्तम. पण बघितल्याशिवाय मी सोडणार नाही."

"तुंबलेलं मोकळं झालं ना? मग विषय संपला."

बाई हसल्या. "माझी मोरी तुंबली, तेव्हा मी हेच म्हणत होते. तुम्ही ऐकलंत? पाणी मोकळं केलंत, आणि तरी माझी कोरी करकरीत फरशी फोडलीत."

त्या फरशीखाली, पाइपच्या सांध्यात, झाडाची मुळं शिरलेली निघाली होती. मिस्त्रीनं चिठ्ठी खिशात घातली.

पंधरा दिवसांनी त्याला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. स्कॅनमध्ये सापडलेली मूत्रपिंडावरची गाठ अजून लिंबाएवढीच होती. उशाशी बाई उभ्या होत्या, समोर सर्जन.

"फोडा फरशी," मिस्त्री सर्जनला म्हणाला. "पण मुळाचा एक तंतूसुद्धा मागे ठेवू नका."