बघू मग

"अगं, माझा चष्मा कुठाय?" बाबांनी विचारलं.

"आधी नाकावर बघा," कपाटावरची पेटी आईच्या आवाजात म्हणाली.

बाबा नाकाला हात लावून हसले. डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यानंतर बाबा विसरायला लागले. तिला हाका मारत घरभर फिरायचे. लेकीला ते बघवेना. आईने फोनवर बोलून पाठवलेल्या जुन्या निरोपांतून तिने एकशे चाळीस वाक्यं काढली आणि पेटीत भरली. प्रश्न ऐकून पेटी त्यातलं जुळेल ते वाक्य बोलायची. काहीच जुळलं नाही, तर आईचं पेटंट उत्तर: "बघू मग."

पहिला महिनाभर पेटी उठसूट "बघू मग" म्हणायची. हळूहळू म्हणेनाशी झाली. आत एकही वाक्य न वाढवता तिला एवढं शहाणपण आलं कुठून, याचं लेकीला नवल वाटलं. पण नोकरी सांभाळून घर रेटणाऱ्या बाईला नवल करत बसायला सवड नसते.

शहाणपण उतरत होतं ते बाबांचं. उभा जन्म कारखान्यात वजनकाटे तपासलेला काटेकोर माणूस, पण आता घरातली एक पेन्सिल जागेवर सापडेल तर शपथ.

निघताना डॉक्टर दारात थांबले. "पेटी कुठली आणि बायको कुठली, हे त्यांना कळत नाही. घर कुठलं आणि वृद्धाश्रम कुठला, हेही कळणार नाही. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

बाबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. लेकीने वृद्धाश्रमाच्या अर्जावर सही केली.

सोमवारी बाबा मुकाट्याने गाडीत बसले. पेटी तिथे चालणार नव्हती, आणि त्यांनी ती मागितलीही नाही. आईलासुद्धा विसरले, या विचाराने लेकीला परत येताना रस्ताभर रडू आलं.

संध्याकाळी खोली आवरताना पेटीमागे एक वही सापडली. कारखान्यातल्यासारखे आखलेले रकाने, पेन्सिलीने लिहिलेलं बाबांचं रेखीव अक्षर. डावीकडे प्रश्न, उजवीकडे पेटीचं उत्तर. धड उत्तर आलेल्या प्रश्नांपुढे बरोबरची खूण. "बघू मग" आलेल्यांपुढे फुली, आणि शेरा: पुन्हा विचारू नये.

शेवटची नोंद डॉक्टर येऊन गेले त्या दिवसाची होती.

"पोरीला सांगू का, मला सगळं कळतं म्हणून?"

"बघू मग." फुली.